मधली फळी

‘कोनाले सांगू नोका बरं,’ असं म्हणत ही गोष्ट चार फुटी भिंतीवरून माझ्याकडे आली. मी आजवर फक्त तिघींना सांगितली आहे. तुम्ही चौथे.

भिंत आमच्या नि शेजारच्या मावशींच्या मधली. चंद्रपुरात, तुकूमला. एकोणीस वर्षं झाली, त्या भिंतीवरून वाट्या जातात, वाट्या येतात. वाटी ठेवण्याआधी भिंतीवरून एकदा फडकं फिरवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. इकडे वीज केंद्र, तिकडे कोळसा. रात्रीतून भिंतीवर काळी पावडर बसते, आणि पांढरा कपडा वाळत घालणारी बाई गावात नवी आहे हे लगेच कळतं. वैशाखात तर आमची बोलायची वेळ एकच, सकाळी सहा ते सात. त्यानंतर पारा जो चढतो तो पंचेचाळीस-सेहेचाळीसवरच थांबतो, आणि जो तो आपापल्या कुलरसमोर.

तर झालं असं की मावशींच्या दारात एमएच 14 नंबरची गाडी येऊन उभी राहिली. म्हणजे लहाना, त्यांचा धाकटा मुलगा, पुण्याहून आला. आठ दिवस झाले, गाडी उभी. पंधरा दिवस झाले, गाडीवर काळा थर. आमच्या गल्लीत सगळ्या गाड्या एमएच 34, त्यांत ही एक वेगळी, म्हणजे डोळ्यांत येणारच. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, ‘वर्क फ्रॉम होम हाय.’ रात्री बारा-एकला तो गच्चीवर फेऱ्या मारत फोनवर बोलायचा. ‘येस, येस, शुअर.’ बाकी काही कळायचं नाही. दिवसा खिडकीला पडदा. सूनबाई मात्र पुण्यातच. आता दोन अधिक दोन कोणीही केलं असतं. मी केलं. समोरच्या वहिनींना म्हटलं, पटत नसेल हो दोघांचं. हे मी बोलले, आणि मला त्याची लाज वाटते, हेही इथेच सांगून टाकते.

एका सकाळी मावशी कैरीच्या तक्कूची वाटी घेऊन आल्या. वाटी भिंतीवर ठेवली, पण हात वाटीवरच.

‘बाई, लहान्याचं काई खरं नाई.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते म्हणून गल्लीभर मी ‘बाई’. लहान्याला चौथीत मीच शिकवलं. पाढे घोकून येणारं, पाटी स्वच्छ पुसणारं पोरगं.

‘काढलं का नोकरीतून?’

‘काढते कुठी! काढत नाई म्हनते. तूच निंग म्हनते. आपल्या हातानं लिहून दे, अन् आपल्या पायानं निंग.’

कंपनी हिंजवडीतली, संगणकाचं काम करणारी. नाव सांगत नाही. मावशींनी शपथ घातली आहे, आणि ज्या रीतीनं गोष्ट घडली ती पाहता नाव कुठलंही टाका, काही बिघडत नाही. सात वर्षं तो तिथे आहे. मंगळवारी दुपारी चारला अर्ध्या तासाची मीटिंग लागली, विषयाची जागा कोरी. पडद्यावर एचआरची मुलगी, कॅमेरा बंद. शेजारच्या चौकोनात मॅनेजर. तीन महिन्यांपूर्वी आलेला, बंगळुरूला बसणारा, यानं प्रत्यक्षात कधी न पाहिलेला. चौदा महिन्यांतला हा चौथा मॅनेजर. पहिल्याच्या हाताखाली जे काम केलं त्याचं रेटिंग या चौथ्यानं दिलं, आणि ते खालचं दिलं. संध्याकाळपर्यंत राजीनामा लिही, कारण ‘वैयक्तिक’ टाक, दोन महिन्यांचा पगार नि चांगलं पत्र देतो. नाही लिहिलास तर आम्ही काढू, मग पुढची कंपनी चौकशी करेल तेव्हा काय ते तूच बघ. एवढं बोलणं अकरा मिनिटांत उरकलं. अर्ध्या तासातली एकोणीस मिनिटं शिल्लक राहिली, असं लहाना नंतर मला म्हणाला. चौथीतही तो वजाबाकीत पक्का होता.

यानं वेळ मागितली. मग त्याला साठ दिवसांच्या सुधारणेच्या यादीवर टाकलं. त्याला पीआयपी म्हणतात. मावशी ‘पिप्पी’ म्हणतात, आणि मी दुरुस्त करत नाही. यादीत पाच कामं. त्यांतली दोन ज्या प्रोजेक्टची, तो प्रोजेक्टच मधल्या काळात दुसऱ्या टीमकडे गेलेला. म्हणजे दोर काढून घ्यायचा, बादली काढून घ्यायची, आणि रोज विहिरीपाशी येऊन विचारायचं, भरलं का रे पाणी?

‘पन त्याच्या साहेबाले मालूम नाई का, थो काय काम करते ते?’ मावशींना यातलं हेच काही केल्या पटत नव्हतं.

मावशींचे यजमान वेकोलिच्या डीआरसीत होते, कोळशाच्या भूमिगत खाणीत. खाली उतरताना लॅम्प रूममध्ये टोकन द्यायचं, दिवा घ्यायचा. पाळी संपली की दिवा परत, टोकन परत. ज्याचं टोकन तिथेच राहिलं, तो माणूस अजून खाली आहे. तेवढ्यासाठी लॅम्प रूमवाला घरी जायचा नाही. ‘दोनशे मानसं उतरत, पन कोन खाली हाय हे त्याले नावानिशी ठाऊक राहे,’ मावशी म्हणाल्या. ‘अन् ह्याच्या कार्डावर तर फोटो बी हाय.’

खाणीत जीवाला धोका होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. पण खाली पहिला जायचा तो ड्रेसर, सब्बलीनं छत ठोकत. पोकळ वाजलं की सगळे बाजूला. आता लहान्याच्या डोक्यावरचं छत कोण ठोकून पाहणार? मावशींनी विचारलं नाही. हे मला सुचलं, आणि मी बोलले नाही.

रेटिंग म्हणजे काय, हे समजवायला मी बसले, पण मावशींनी मलाच समजावलं. त्यांचं माहेर गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात.

‘आमी लहानपनी तेंदूची पानं तोडाले जावो. पहाटे चारले निंगावं. सत्तर पानाचा एक पुडा. दुपारपावतर बांधत बसावं, अन् मंग फळीवर न्यावं.’ फळी म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायची जागा. उघड्यावर पुडक्यांच्या ओळी लावायच्या, आणि मुन्शी मोजत यायचा. अशी हजार पुडकी झाली की एक प्रमाण गोणी. ‘शंभर पुडे नेले का पाच-सात बाजूले फेके. पान लहान हाय. पान फाटलं हाय. कवा खरंच फाटलं राहे, कवा नाई राहे. पन फेकाचे म्हनजे फेकाचेच. आता आयका बाई. थे फेकलेले पुडे तो जाळे का? नाई ना! थे बी गाडीतच जात. फक्त आमच्या हिशेबात नाई येत.’

मी गप्प बसले. सात वर्षं लहान्यानं रात्रीबेरात्री जे केलं ते सगळं गाडीत गेलंच की, अमेरिकेला. हिशेबात आलं नाही एवढंच.

माझ्या डोक्यात मात्र वर्ग आला. या कंपन्यांत घंटेच्या आकाराची एक रेघ मानतात. थोडे उत्तम, पुष्कळसे मधले, थोडे खालचे. टीम कितीही चांगली असो, खालच्या खान्यात कुणाला तरी बसवायचंच. मी बत्तीस वर्षं पोरं शिकवली. काही वर्षी पट बावीसचा, काही वर्षी चाळीसचा. पण ‘यातली तीन नापास झालीच पाहिजेत’ असा कागद जिल्हा परिषदेनंसुद्धा कधी पाठवला नाही. आणि जिल्हा परिषदेनं काय काय कागद पाठवले, तो वेगळा विषय आहे.

हे सगळं एकट्या लहान्याच्या बाबतीत असतं तर मी म्हटलं असतं, मॅनेजर खडूस असेल. पण पेपर आमच्याकडेही येतो. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं जाहीर केलं, की वर्षभरात 2 टक्के माणसं कमी करणार, म्हणजे 12 हजारांच्या वर. त्याआधी जूनमध्ये त्यांचा नवा नियम आला होता, वर्षात 225 दिवस तरी ग्राहकाच्या पैशाच्या कामावर असलं पाहिजे, बिनकामाचं बेंचवर 35 दिवसांपेक्षा जास्त बसायचं नाही. बेंचवर बसणं हा जणू त्या माणसाचाच आळस! काम आणायचं कोणाचं, हा प्रश्न मुन्शीला विचारायचा नसतो. त्या सप्टेंबरअखेर संपलेल्या तीन महिन्यांत टीसीएसची माणसं जवळजवळ 20 हजारांनी कमी झाली, 6 लाख 13 हजारांवरून 5 लाख 93 हजारांवर. पुण्याची ‘नाइट्स’ नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार मंत्रालयाकडे गेली, की लोकांकडून जबरदस्तीनं राजीनामे घेतले जात आहेत. कंपनीनं ते मान्य केलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत इन्फोसिसनं म्हैसूरहून तीनशेवर शिकाऊ पोरं घरी पाठवली होती, आतल्या परीक्षेत तीनदा नापास झाली म्हणून.

टीसीएसची बातमी मी मावशींना वाचून दाखवत होते. ‘यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले...’

‘कोन्त्या फळीवरचे?’

‘मधल्या फळीतले, मावशी.’

‘थेच तं सांगून रायली मी,’ मावशी म्हणाल्या. ‘फळीच हाय ते.’

कामाच्या तासांवरूनही विषय निघाला. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी ते 90 वर नेलं, आणि वर विचारलं, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसाल? मावशींनी पदर तोंडाला लावला. ‘त्याच्या बायकोले कोनी विचारलं का, तुले हा मानूस घरी पाह्यजे का म्हनून?’

आता आमचे हे. वीज केंद्रातून निवृत्त झाले, पण युनियन काही डोक्यातून निवृत्त झालेली नाही. मी ‘कोणाला सांगू नका’ म्हणून सांगितलं, आणि दहा मिनिटांत ते बनियनवर भिंतीपाशी.

‘लहान्याला बोलवा. त्याला म्हणावं, एक ओळसुद्धा लिहू नको.’

यांचं म्हणणं अगदी सरळ. कंपनीनं कमी केलं तर त्याला कायद्यात कपात म्हणतात, आणि कपातीला किंमत असते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून हे चालत आलं आहे. वर्षात 240 दिवस भरलेले असले, की एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या. त्यांतही हे पंधरा दिवस राहिले आहेत, वर काढलेल्या माणसाला नवं काम शिकता यावं म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या पगाराचा निधी आहे, आणि नोकरी कशीही सुटो, पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. पण माणसानं स्वतःच ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून दिलं, की कपात झालीच नाही. मग नोटीस कसली नि भरपाई कसली.

‘म्हणजे ते दोन महिन्यांचा पगार देतात तो...’ मी म्हटलं.

‘सात वर्षांचा हिशेब कर. आणि पुढचं भांडण बंद करायची किंमत त्यात धर,’ हे म्हणाले.

तेवढ्यात लहाना स्वतःच बाहेर आला. दाढी वाढलेली, पायात बापाच्या चपला. म्हणाला, काका, आम्ही कामगार नाही म्हणतात, आम्ही मॅनेजमेंटमध्ये येतो. कार्डावर ‘लीड’ लिहिलं आहे. यावर आमच्या ह्यांना चेव आला. कार्डावर काय लिहिलं ते कोर्ट बघत नाही, हातानं काय काम करतोस ते बघतं. टीसीएसनंच 2015 मध्ये काढलेला चेन्नईचा एक जण ‘मी तांत्रिक काम करणारा कामगारच आहे’ म्हणून कामगार न्यायालयात गेला, आणि 2022 मध्ये न्यायालयानं त्याला परत कामावर घ्यायला सांगितलं.

‘सात वर्षं लागली, काका.’

‘लागली,’ हे म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे गप्प बसले.

एक गोष्ट मला त्या दिवशी नव्यानं कळली. माणसं कमी करायला किंवा धंदा बंद करायला सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते ती कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना. पूर्वी शंभर कामगार असले की लागायची, आता तीनशे. म्हणजे आमच्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यावर हा दरवाजा आहे, घुग्घुसच्या खाणीवर आहे. आणि लाखांनी माणसं कामाला असलेल्या काचेच्या इमारतीवर नाही. आम्ही पोरांना खाणीत जाऊ नको, राखेत जाऊ नको म्हणून शिकवलं, कर्ज काढून इंजिनिअर केलं, हिंजवडीला पाठवलं. पाठवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मावशींनी मध्येच मेंढा काढलं. मेंढा (लेखा) हे गाव त्यांच्या माहेराकडचंच. 2009 मध्ये त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 पासून बांबू तेच विकतात. ‘तिथी एक मानूस नाई म्हनला तरी ठराव अडते. बसते मंग रातभर बोलत. अन् इथी सहा लाख मानसं, कोनाले विचारलं?’ आता कंपनी ग्रामसभेनं चालवता येत नाही, हे मलाही कळतं. तरी वडसेच्या झाडीपट्टी नाटकवाल्यांचं आठवलं. दिवाळीला हंगाम उभा राहतो, होळीच्या सुमारास संपतो. पण संपणार हे नटाला पहिल्या दिवशीच ठाऊक असतं, तो त्या बेतानं धान भरून ठेवतो. लहान्यानं रावेतला वीस वर्षांच्या हप्त्यांवर फ्लॅट घेतला तो कुठल्या बेतानं?

दुसऱ्या दिवशी मावशी आत कुलरमध्ये पाणी भरत होत्या, तेव्हा लहाना एकटाच भिंतीपाशी आला. कोपरं भिंतीवर टेकवली. शर्टाला काळं लागलं, त्याच्या लक्षात नव्हतं.

‘बाई, एक सांगू? गेल्या वर्षी मला वरून मेल आला होता. तुझ्या टीममधली दोन नावं खालच्या रेटिंगला दे. मी दिली.’

‘कशी निवडलीस?’

‘एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून नुकती आली होती. दुसरा कमी बोलायचा. तो यवतमाळचा. भांडणार नाही, असं वाटलं.’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘दोघांनीही राजीनामे लिहून दिले. वैयक्तिक कारणास्तव. मी त्यांना केक कापून निरोप दिला.’

मला काय बोलावं सुचेना. चौथीतलं पोरगं असतं तर कान धरला असता. मी विचारलं, त्यांचे नंबर आहेत का? म्हणाला, आहेत, पण लावले नाहीत. यावर माझं मत विचाराल तर मॅनेजर खडूस होता, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. चौथ्या मॅनेजरलाही वरून मेल आलाच असेल. मुन्शीलाही ठेकेदार असतोच. पण यवतमाळच्या पोराच्या घरीही एक भिंत असेल, आणि पलीकडे माझ्यासारखी कुणी दोन अधिक दोन करत बसली असेल.

पत्राचा मसुदा आमच्या ह्यांनी केला. ‘सबब, उपरोक्त विषयान्वये नम्र निवेदन की’ अशी सुरुवात. दीड पान झालं. लहान्यानं त्याचं चार ओळींचं इंग्रजी केलं. मी स्वतःहून राजीनामा देत नाही. काढायचं असेल तर कारणासह लेखी पत्र द्या. यादीतली दोन कामं ज्या प्रोजेक्टची आहेत तो माझ्याकडे नाही. माझी सात वर्षांची रेटिंग सोबत जोडली आहेत. त्याआधी जुनी रेटिंगची पत्रं, पगाराच्या स्लिपा, कामाची पोच देणारे स्वतःचे मेल, सगळं एका वहीत तारखेवार उतरवून काढलं. कंपनीचा लॅपटॉप दूरवरून कधीही बंद पडू शकतो म्हणे, म्हणून वही. कंपनीची गुपितं उचलायची नाहीत, फक्त आपलं, हे ह्यांनी तीनदा बजावलं. सूनबाईनं पुण्याहून फोनवर मसुद्यातल्या दोन चुका काढल्या. ती रोज संध्याकाळी सातला फोन करते. तेव्हा समोरच्या वहिनींना मी जे सांगितलं होतं ते परत घ्यायला मी मुद्दाम गेले. त्या म्हणाल्या, ‘अहो, मी कोणाला सांगितलंच नाही.’ त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्ही ठरवा.

मेल गेला. पाच दिवस काही नाही, मग ‘नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर. साठ दिवसांतले एकेचाळीस झाले आहेत. गाडी अजून दारात आहे, पण काल लहान्यानं ती धुतली. गल्लीला अजून वर्क फ्रॉम होमच माहीत आहे, आणि तुम्हीही तेच सांगा.

आज सकाळी मी तक्कूची वाटी परत केली, आत मूगवड्या घालून. मावशींनी वाटी घेतली आणि म्हणाल्या, ‘एक तारखेचा पगार जमा झाला.’

मग त्या कुलरमध्ये पाणी भरायला आत गेल्या.